न जळणाऱ्या कचऱ्याची जमीन

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेला शिरूर आणि दौंड हे दोन तालुके पर्जन्यछायेत येतात. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बेभरवशाचा. तरी इथे ऊस उभा दिसतो, कारण शिरूरला चासकमानचा कालवा येतो, दौंडमधून खडकवासल्याचा नवा मुठा उजवा कालवा पुढे इंदापूरकडे जातो, आणि कालवा पोचत नाही तिथे विहीर किंवा बोअर शेत जगवते. गेल्या तीन-चार दशकांत याच पट्ट्यात कारखानदारी वाढली. नगर रस्त्यावर कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर आणि पुढे रांजणगावची मोठी एमआयडीसी. सोलापूर रस्त्यालगत कुरकुंभची रासायनिक वसाहत. इथून फ्रीज, वॉशिंग मशीन, मोटारी आणि औषधांना लागणारी रसायने देशभर जातात. त्यांच्यामागे बॉयलरची राख, ओतकामाची जळकी वाळू, भट्टीच्या अस्तराच्या फुटक्या विटा, स्लॅग, काच, जिप्समचा आणि चुन्याचा चोथा, पाडलेल्या शेडचा राडारोडा असा माल उरतो. तो पेटत नाही, कुजत नाही, त्याला वास येत नाही. या भागाच्या पाण्याला आणि जमिनीला जे धोके आहेत त्यांत या मुक्या कचऱ्याचा वाटा आपण सर्वांत कमी मोजला आहे, असे माझे म्हणणे आहे. त्याला स्वतःची तपासलेली, अस्तर घातलेली, नोंदवलेली जागा मिळाली पाहिजे, आणि ‘निरुपद्रवी’ हा शिक्का पुराव्याशिवाय कोणत्याही ढिगाला मिळता कामा नये.

कचराभूमी म्हटले की पुण्याच्या माणसाच्या डोळ्यांपुढे फुरसुंगी-उरुळी देवाचीचा डेपो येतो. आगी, धूर, माश्या, काळे पाणी, गाड्या अडवणारे ग्रामस्थ. त्या डेपोविरुद्धचा लढा उभा राहू शकला त्याचे एक कारण असे की त्याचा त्रास दाराशी येत होता, नाकाला कळत होता. जळणारा आणि कुजणारा कचरा स्वतःच ओरडतो. राखेचा किंवा वाळूचा ढीग तसे काही करत नाही. पावसाळ्यात त्यावर गवत उगवते, उन्हाळ्यात थोडी धूळ उडते, दोन वर्षांनी तो टेकाडासारखा दिसू लागतो. त्यातून जे निघते ते खाली जाते, आणि पाचदहा वर्षांनी कुठल्या तरी विहिरीत क्षार वाढलेले आढळतात तेव्हा त्या पाण्याचा संबंध त्या ढिगाशी जोडणारा कागद कोणाकडेच नसतो.

कागद असतो तो धोकादायक कचऱ्याचा. २०१६च्या धोकादायक कचरा नियमांनी प्रक्रिया आणि पदार्थ यांच्या याद्या दिल्या आहेत. फॉस्फेटिंगचा गाळ, रंगकामाचा गाळ, सांडपाणी प्रक्रिया केंद्रातला गाळ, वाया गेलेली द्रावणे या यादीत येतात. असा माल कारखान्याच्या फाटकाबाहेर पडला की त्याच्यासोबत सात प्रतींची पावती चालते. माल कोणी दिला, कोणी वाहिला, कोणी घेतला, किती घेतला हे सगळे तिच्यात असते. राज्यात बराच काळ अशा कचऱ्याची चार सामाईक केंद्रे होती: तळोजा, ठाणे-बेलापूर पट्ट्यातील महापे, नागपूरजवळ बुटीबोरी आणि आपल्या शिरूर तालुक्यात रांजणगाव. रांजणगावला महाराष्ट्र एन्व्हायरो पॉवर लिमिटेडच्या केंद्रात जे जळू शकते ते जाळण्याची आणि जे जळत नाही ते सिमेंट-चुन्यात बांधून अस्तराच्या खड्ड्यात पुरण्याची सोय आहे. दिवसाला सुमारे ७० टन कचरा प्लाझ्माच्या प्रचंड उष्णतेत वितळवण्याचा प्रकल्पही तिथे उभा राहिला, त्या काळी त्याची चर्चा देशाबाहेरही झाली. पण भट्टी कितीही तापवली तरी शेवटी काचेसारखा खडा उरतोच, आणि तो कुठेतरी ठेवावाच लागतो. पुरण्याचा प्रश्न जाळून सुटत नाही, फक्त लहान होतो.

आता धोकादायक यादीबाहेरचा औद्योगिक कचरा पाहू. २०२६पर्यंत लागू असलेल्या २०१६च्या घनकचरा नियमांत कचराभूमीचे निकष स्वच्छ लिहिले होते. जे वापरता येत नाही, पुन्हा वळवता येत नाही, कुजत नाही, जळत नाही आणि कशाशी अभिक्रिया करत नाही तेवढेच पुरायचे. तळाला दीड मिलिमीटर जाडीचा एचडीपीई प्लास्टिकचा पडदा, त्याखाली ९० सेंटिमीटर चिकणमाती, आणि ती इतकी घट्ट दाबलेली की ढोबळ हिशेबाने वर्षभरात जेमतेम तीन सेंटिमीटर उंचीचे पाणी तिच्यातून उतरेल. भूजलाची सर्वांत वरची पातळी त्या अस्तराच्या तळापासून किमान दोन मीटर खाली हवी. नदीपासून १०० मीटर, तळे, वस्ती आणि पाण्याच्या विहिरीपासून २०० मीटर अंतर हवे. खड्डा बंद झाल्यावर किमान १५ वर्षे पाहणी हवी. उत्तम निकष होते. पण त्याच नियमांच्या सुरुवातीला ते कोणाला लागू आहेत हे सांगताना औद्योगिक कचरा वगळलेला होता. म्हणजे शिरूरच्या बाजारपेठेतून झाडून काढलेल्या धुळीला हे निकष लागू होत होते आणि कारखान्यातल्या शेकडो टन राखेला होत नव्हते. औष्णिक वीजकेंद्रांच्या राखेसाठी १९९९पासून वेगळ्या अधिसूचना आहेत, २०२१ची सर्वांत कडक आहे. मात्र केवळ वाफ करणारा कारखान्याचा बॉयलर किंवा साखर कारखान्यातली बगॅसची राख तिच्या कक्षेत येत नाही. मग या मालाचे काय करायचे ते ठरते प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रातल्या एका तक्त्यात. कचऱ्याचा प्रकार, परिमाण, विल्हेवाट. विल्हेवाटीच्या रकान्यात ‘विक्री’ किंवा ‘भराव’ एवढा शब्द पुरतो. पुढे त्या मालाची पावती नाही, वजनकाटा नाही, फाटक नाही.

ज्या मालाला ठरलेले फाटक नाही, त्याची वाट डिझेलचा खर्च ठरवतो. हायवा जितका कमी धावेल तितके बरे. या पट्ट्यात भरावाला गिऱ्हाईकही भरपूर आहे. महामार्गालगतची खोलगट शेते प्लॉटिंगसाठी वर आणायची असतात, गोदामांना जोते लागते, शेतरस्त्यांना खडे लागतात, वीटभट्ट्यांना राख हवी असते, आणि रस्त्यांसाठी मुरूम व खडी काढून रिकाम्या झालेल्या खाणी आ वासून पडलेल्या असतात. आटलेली विहीर बुजवायची असेल तर फुकट माल कोणीही नाकारत नाही. जमीनमालक, ट्रकवाला आणि कारखाना या तिघांचाही यात तात्पुरता फायदा आहे, आणि कायदा मोडला असे तिघांपैकी कोणाला वाटण्याचे कारण नाही. चौथा माणूस म्हणजे उताराकडचा विहीरमालक, आणि त्याला या व्यवहाराची खबर नसते.

पण माल धोकादायक नाही हे तपासलेलेच असते ना, हा पहिला आक्षेप, आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. तपासणीची रूढ पद्धत अशी: नमुना बारीक करायचा, त्याच्या वीसपट वजनाच्या सौम्य ॲसेटिक आम्लात घालून १८ तास फिरवायचा, गाळायचा आणि पाण्यात काय उतरले ते मोजायचे. शिसे किंवा आर्सेनिक लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या खाली असेल तर त्या निकषावर माल धोकादायक नाही. हा ५चा आकडा मूळ अमेरिकेतला. तिथे १९९०मध्ये ही चाचणी लागू झाली तेव्हा पिण्याच्या पाण्यातली शिशाची आणि आर्सेनिकची मर्यादा लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम होती. खड्ड्यातून झिरपलेले पाणी भूजलात मिसळताना शंभरपट पातळ होईल असे धरून तिला शंभराने गुणले. त्यानंतर पिण्याच्या पाण्याचा निकष कडक झाला. भारतीय मानकात आज दोन्हींची मर्यादा ०.०१ आहे. कचऱ्याची मर्यादा मात्र ५च राहिली. म्हणजे पिण्यायोग्य पाण्याच्या ५०० पटींपर्यंत विष सोडणारा ढीगही कागदावर ‘धोकादायक नाही’ या रकान्यात बसू शकतो. युरोपीय संघाने २००२च्या अखेरीस निष्क्रिय कचऱ्याच्या खड्ड्यासाठी वेगळी चाळणी ठरवली. एक किलो कचरा दहा लिटर पाण्यात ढवळल्यावर अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षा जास्त आर्सेनिक उतरता कामा नये. लिटरचा हिशेब केला तर ०.०५. दोन चाचण्यांची रीत वेगळी आहे, एकीत आम्ल आहे आणि दुसरीत साधे पाणी, त्यामुळे आकड्याला आकडा लावणे पूर्ण न्याय्य नाही. तरी शंभरपटीचे अंतर केवळ रीतीच्या फरकाने पुसले जात नाही. धोकादायक नसणे ही एक पायरी आहे आणि निरुपद्रवी असणे ही तिच्या बरीच खालची दुसरी. मधल्या पायऱ्यांवर जो माल आहे, तोच या दोन तालुक्यांत भरावात जातो.

शेतकऱ्याच्या दृष्टीने याहून मोठी उणीव क्षारांची आहे. धोकादायक कचरा ठरवणाऱ्या आपल्या यादीत जड धातू आहेत, सायनाइड आहे, कीटकनाशके आहेत. क्लोराइड, सल्फेट आणि एकूण विरघळलेले क्षार यांना तिथे मर्यादा नाही. युरोपच्या निष्क्रिय कचऱ्याच्या निकषात किलोमागे क्लोराइड ८०० आणि सल्फेट १००० मिलिग्रॅम अशा मर्यादा आहेत. जिप्समचा चोथा घ्या. तो विषारी नाही, पेटत नाही, आणि शुद्ध असेल तर धातूंच्या चाचणीत सहज पास होतो. पण जिप्सम लिटरभर पाण्यात अडीच ग्रॅमच्या आसपास विरघळते, आणि त्या पाण्यात सल्फेट चौदाशे मिलिग्रॅमच्या घरात जाते. पिण्याच्या पाण्यात २०० मिलिग्रॅमपर्यंत सल्फेट स्वीकारार्ह मानले आहे. हेच जिप्सम चोपण जमीन सुधारायला शेतकरी स्वतः विकत आणून टाकतो आणि त्याचा गुण येतो, हेही खरे आहे. एकरभर रानात मापाने पसरलेला पदार्थ आणि एका खाणीत हजारो टनांनी ओतलेला तोच पदार्थ यांचे परिणाम एक नसतात. दौंड आणि शिरूरच्या कालवाक्षेत्राला क्षारपड जमिनीचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. उसाला वर्षानुवर्षे भरपूर पाणी दिल्याने आणि निचरा नसल्याने पांढरी पडलेली राने इथे आहेत. अशा ठिकाणी जमिनीखाली क्षारांचा आणखी एक साठा नेऊन ठेवणे आणि त्याची कुठेही नोंद न करणे ही फार मोठी चूक आहे, आणि ती दुरुस्त करायला पिढ्या लागतात.

दुसरा आक्षेप भूगोलाचा येतो. इथे पाऊस कमी, खाली काळा पाषाण, मग पाणी झिरपणार कसे? पावसापुरते बोलायचे तर वर्षाची सरासरी फसवी असते. या भागात सप्टेंबर-ऑक्टोबरचा परतीचा पाऊस चार दिवसांत धिंगाणा घालतो आणि ओढे फुटतात. शिवाय ओलिताखालच्या रानात पावसाच्या कितीतरी पट पाणी माणूसच जमिनीला पाजतो, आणि भरावाची जागा अनेकदा अशा रानाच्या बांधाला लागून असते. पाषाणाबद्दलचे उत्तर तर विहिरीच देतात. दख्खनचा बसाल्ट एकसंध असता तर इथल्या एकाही विहिरीला पाणी लागले नसते. वरची काळी माती ओली असताना पाणी अडवते, पण उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्याखाली मुरूम, म्हणजे झिजून सुटा झालेला खडक, आणि त्याखाली सांधे-भेगांनी चिरलेला पाषाण. साध्या विहिरी याच दोन थरांतून पाणी घेतात. दगडखाण नेमकी हेच दोन थर कापत खाली गेलेली असते. ती बुजवताना आपण कचरा भूजलापासून दूर ठेवत नाही, पाण्याच्या वाटेतच नेऊन ठेवतो. पावसाळ्यात ज्या खाणीत पाणी साठते आणि महिनोन्‌महिने टिकते, तिथे अस्तराच्या तळाखाली दोन मीटर कोरडी जागा मिळणेच शक्य नसते. भेगाळ खडकात पाणी वाळूतल्यासारखे सगळीकडे सारखे पसरतही नाही. ते एखादी भेग धरून जाते, शेजारची विहीर सोडून अर्ध्या किलोमीटरवरची गाठू शकते. शंभरपट पातळ होण्याचे ते अमेरिकन गृहीतक अशा भेगेत, तेही पाणी खालावलेल्या एप्रिल-मे महिन्यांत, कितपत टिकेल याचा विचार झाला पाहिजे. आणि ही पाण्याची वाट गावाच्या शिवेवर थांबत नाही. घोड आणि भीमा यांचे पाणी उजनीत जाते आणि सोलापूर जिल्हा ते पितो.

रसायन बाजूला ठेवले तरी नुसत्या वजनाचा प्रश्न उरतो. चीनमधील शेन्झेन शहरात २० डिसेंबर २०१५ रोजी बांधकामाच्या माती-राडारोड्याचा प्रचंड ढीग घसरला, ३३ इमारती सापडल्या, ७३ माणसे मेली आणि चौघे सापडलेच नाहीत. तो ढीग होता एका सोडून दिलेल्या दगडखाणीत. खाणीत साठलेले पाणी काढून न देता वर माल ओतत राहिले होते. वेल्समधल्या ॲबरफान गावावर १९६६मध्ये कोळसाखाणीच्या टाकाऊ दगडमातीचा डोंगर आला, १४४ जण गेले, त्यांत ११६ मुले होती. तो डोंगर झऱ्यावर रचला होता. महाराष्ट्रात जुलै २०२२मध्ये नागपूरजवळ कोराडी वीजकेंद्राचा खसाळा येथील राखेचा बंधारा फुटला आणि राखेचे पाणी शेतांत व नाल्यांत शिरले. या तिन्ही ठिकाणच्या मालाला कोणी स्फोटक किंवा ज्वालाग्राही म्हटले नसते. शिरूर-दौंडमध्ये एवढे उंच ढीग नाहीत, पण पाणी धरलेल्या खाणी आहेत आणि त्यांच्या कडेला वस्त्याही आहेत.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो: पुरायचेच कशाला, वापरा. राखेच्या विटा होतात, स्लॅग सिमेंटमध्ये जातो, राडारोडा दळून पेव्हर ब्लॉक बनतात. २०१६चे धोकादायक कचरा नियमही आधी निर्मिती टाळा, मग कमी करा, मग पुन्हा वापरा आणि शेवटी पुरा असाच क्रम सांगतात. कोल्हापूरच्या फाउंड्री उद्योगाने वापरलेली वाळू पुन्हा साच्यात घेण्यासाठी सामाईक केंद्र उभे केले. वाळूउपशाने भीमेचे पात्र कसे खरवडले गेले हे पाहिलेल्या दौंडकरांना अशा प्रत्येक टनाचे मोल कळेल. पण वापर हा शब्द उच्चारला म्हणून तपासणीतून सुटका होत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०१४मध्ये ओतकामाच्या वाळूचा अभ्यास केला. लोखंड, पोलाद आणि ॲल्युमिनिअमच्या ओतकामातली सिलिका वाळू मातीत मिसळायला सुरक्षित आहे असे सांगताना तिने शिसे असलेल्या पितळ-ब्राँझच्या ओतकामाची वाळू त्यातून वगळली. दिसायला वाळू तीच, साच्यात कोणता धातू ओतला यावर सगळे ठरले. नेदरलँड्सने १९९९पासून बांधकामात वापरायच्या टाकाऊ मालालाही पाण्यात झिरपण्याची मर्यादा लावली. रस्त्याखाली जाणारी राख ही जमिनीत जाणारी राखच आहे हे त्या सखल देशाने वेळेत ओळखले. आपल्याकडे ‘पुनर्वापर’ या रकान्याखाली गेलेला माल नेमका कोणत्या रस्त्याखाली, कोणत्या गट नंबरात गेला, हे सांगता आले पाहिजे. ते सांगता येत नसेल तर त्याला वापर म्हणू नये. आणि सगळा वापर करूनही काही उरतेच: फुटक्या अस्तरविटा, मिसळलेला राडारोडा, चाचणीत नापास झालेली राख. या उरलेल्यासाठी खड्डा लागणार आहे.

त्या खड्ड्याचा खर्च लहान उद्योगांना परवडणार नाही, असे सांगितले जाईल. सणसवाडीतल्या एखाद्या छोट्या वर्कशॉपला टनामागे काही रुपये जास्त मोजायला लावणे अन्यायाचे वाटू शकते. पण खर्च आजही होतोच. बोअर आणखी खोल नेणारा शेतकरी, टँकर मागवणारी ग्रामपंचायत आणि गाळणयंत्र बसवणारे कुटुंब तो भरतात, कचरा कोणाचा हे माहीत नसताना भरतात. दरांच्या बाबतीत ब्रिटनचा अनुभव दोन्ही बाजूंनी शिकवणारा आहे. तिथे १९९६मध्ये कचराभूमीवर कर बसला, निष्क्रिय कचऱ्याला टनाला २ पौंड आणि बाकीच्याला ७. एप्रिल २०२५मध्ये हे दर सुमारे ४ आणि १२६ पौंड झाले. कर वाढल्याने पुरण्याचे प्रमाण घटले, हे यश. पण दोन दरांत एवढी दरी पडल्यावर भलताच कचरा निष्क्रिय म्हणून आत घुसवण्याचा मोह वाढला आणि करखात्याला त्याच्या मागे लागावे लागले. आपल्याकडे तर ही दरी आणखी रुंद आहे: एका बाजूला रांजणगावच्या केंद्राचे शुल्क, दुसऱ्या बाजूला फुकट भराव. धोकादायक गाळ राखेत कालवून बाहेर काढण्याचा मोह या रचनेतच आहे. म्हणून निष्क्रिय कचऱ्याचा दर माफक ठेवावा, पण शून्य नको, आणि फाटकावर येणाऱ्या प्रत्येक गाडीचा नमुना राखून ठेवावा. लहान कारखान्यांच्या चाचण्या एमआयडीसीने एकत्र करून घेतल्या तर प्रत्येकाचा भार बराच हलका होईल.

मग खड्डा कोणाच्या गावात? हा आक्षेप सर्वांत कठीण आहे, कारण तो अनुभवातून येतो. रांजणगावच्या केंद्राशेजारच्या निमगाव भोगीचे ग्रामस्थ विहिरींच्या पाण्याबद्दल वर्षानुवर्षे तक्रारी करत आले आहेत. कुरकुंभ-पांढरेवाडी परिसरातल्या पाण्याबद्दलही तशीच जुनी गाऱ्हाणी आहेत. अस्तर आहे, केंद्र आहे, मंडळ आहे, तरी गावाचा विश्वास नाही. या अविश्वासाला अडाणीपणा म्हणणे चूक आहे. विहीर बिघडण्याआधी तिचे पाणी कसे होते याची सर्वमान्य नोंद नसली तर बिघाडाचे कारण सिद्ध करण्याचा बोजा विहीरमालकावर येतो, आणि तो त्याला पेलणारा नाही. नव्या खड्ड्याबद्दल माझा आग्रह म्हणून सर्वात आधी याच गोष्टीवर आहे. जागा एमआयडीसीच्या संपादित हद्दीतलीच असावी, गावाच्या गायरानात किंवा जुन्या खाणीत नसावी. खड्डा खणण्याआधी किमान एक पूर्ण वर्ष, पावसाळ्याआधी आणि नंतर, चहूबाजूंच्या विहिरींचे पाणी तपासून त्याचे आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. निरीक्षण विहिरींच्या जागा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने भेगांच्या दिशा पाहून ठरवाव्यात, आणि नमुना घेताना ग्रामसभेने निवडलेला माणूस हजर असावा. नमुन्याची एक बाटली गावाकडे राहावी. एवढे केले तरी काही गावे नकार देतील, आणि तो त्यांचा हक्क आहे. पण आज जे चालले आहे त्याला तर कोणत्याच गावाची संमती विचारलेली नाही. अस्तर नसलेले अनेक निनावी खड्डे की अस्तर असलेला, नावानिशी ओळखता येणारा एक, असा हा पर्याय आहे. मी दुसऱ्याच्या बाजूने आहे.

यासाठी नवा कायदा येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. संमतीपत्र देताना अटी घालण्याचा अधिकार मंडळाला १९७४च्या जलप्रदूषण कायद्यापासून आहे. विल्हेवाटीच्या रकान्यात ‘भराव’ हा शब्द बंद करून तिथे गट नंबर, साध्या पाण्यातली झिरप चाचणी आणि क्षारांचे आकडे मागता येतात. धोकादायक कचऱ्यासाठी जी पावतीपद्धत रुळली आहे तिचीच एक सोपी आवृत्ती राखेला आणि वाळूला लावता येते. ज्या जागा आधीच भरून झाल्या त्यांच्यासाठी केंद्राने जुलै २०२५मध्ये प्रदूषित स्थळांचे नियम काढले आहेत. त्यांनुसार स्थानिक संस्थेने किंवा जिल्हा प्रशासनाने संशयित जागांची यादी द्यायची, ९० दिवसांत त्यांची प्राथमिक तपासणी व्हायची, आणि दोष सिद्ध झाला तर सफाईचा खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून घ्यायचा. पण यादीच गेली नाही तर ते ९० दिवस सुरूच होत नाहीत. शिरूर आणि दौंडच्या ग्रामपंचायतींना आपल्या हद्दीत गेल्या वीस वर्षांत कोणत्या खाणी, कोणती खोलगट राने आणि कोणत्या विहिरी भरल्या गेल्या हे ठाऊक असते. ज्यांनी ट्रक येताना पाहिले ती माणसे अजून गावात आहेत. तलाठ्याच्या नकाशावर त्या जागांच्या खुणा आत्ताच करून घ्याव्यात, कारण पुढची पिढी तिथे बोअर घेईल तेव्हा खाली काय आहे हे तिला सांगणारे कोणी नसेल. नव्या खड्ड्याच्या बाबतीत हेच काम पैशाने बांधून घ्यावे लागेल. धोकादायक कचऱ्याचा खड्डा बंद झाल्यावर ३० वर्षे त्याची देखभाल अपेक्षित असते. कारखाने एवढा काळ टिकतात असे नाही. मालक बदलतात, वसाहती ओस पडतात. म्हणून त्या देखभालीची रक्कम खड्डा उघडण्याच्या दिवसापासून टनामागे वेगळी काढून जिल्हाधिकाऱ्यांच्या स्वाधीन असलेल्या खात्यात जमा व्हावी, आणि त्या खात्याची शिल्लक पाण्याच्या आकड्यांशेजारीच ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी.